पालक आणि शिक्षक यांना एकमेकांशी बोलते करताना : ग्रामीण विदर्भातील शालेय समुपदेशकांसाठी

ग्रामीण विदर्भात पूर्णवेळ समुपदेशक असलेली शाळा विरळाच सापडते. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये हे काम बहुधा एखाद्या संस्थेचा कार्यकर्ता, समुपदेशनाचे प्रशिक्षण घेतलेला शिक्षक किंवा अनेक शाळांमध्ये आळीपाळीने जाणारा समुपदेशक करतो, आणि आश्रमशाळेत तर ते अनेकदा अधीक्षकांच्याच अंगावर पडते. पद कोणतेही असो, मुलाशी बोलणे हा या कामाचा एक भाग आहे. त्या मुलाचा दिवस ज्यांच्या हातात असतो त्या दोन मोठ्या माणसांना, म्हणजे पालकाला आणि वर्गशिक्षकाला, एकमेकांशी थेट बोलते करणे हा दुसरा भाग, आणि पुढील मार्गदर्शन त्याविषयीच आहे. त्यातील एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे, ती अशी की समुपदेशकाने या दोघांमधला निरोप्या होऊ नये. शिक्षकाची तक्रार आपण घरी पोहोचवायची आणि आईचे उत्तर शाळेत आणायचे, असे सुरू झाले की दोघांनाही ते सोयीचे वाटू लागते. मग समुपदेशकाची बदली झाली किंवा प्रकल्प बंद पडला की तो दुवा त्याच दिवशी तुटतो. म्हणून प्रत्येक पाऊल टाकताना, यामुळे हे दोघे आपल्याशिवाय बोलू शकतील का, हा प्रश्न स्वतःला विचारत राहावा.

सुरुवात हजेरीपटापासून

कोणालाही भेटण्यापूर्वी त्या मुलाचा मागील काही महिन्यांचा हजेरीपट शांतपणे वाचावा. एकूण किती दिवस गैरहजर, हा आकडा फारसे काही सांगत नाही. कोणत्या वारी आणि कोणत्या हंगामात गैरहजर, हे पाहिले पाहिजे. विदर्भात उन्हाळ्याच्या तीव्रतेमुळे शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस सुरू होतात आणि लगेच शेतीच्या कामांची गर्दी होते. पश्चिम विदर्भात पेरणी व निंदण, मग दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी आणि त्यानंतर जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत चालणारी कापसाची वेचणी. पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत पावसाळ्यात धानाची रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, पुढे मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल आणि उन्हाळ्यात तेंदूपत्ता. हे वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकाशेजारी ठेवल्याशिवाय हजेरीपट उलगडत नाही.

कापसाच्या पट्ट्यातील सातवीतली एक मुलगी उदाहरण म्हणून घेऊ. वर्गशिक्षकांचा शेरा आहे, ‘सतत गैरहजर, पालकांचे लक्ष नाही.’ हजेरीपटात मात्र दिसते की दसऱ्यापर्यंत ती नियमित येत होती, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवड्यातून एकच दिवस, गुरुवारी, न चुकता येते. गुरुवार हा गावच्या आठवडी बाजाराचा दिवस आहे, त्या दिवशी मजूर वेचणीला जात नाहीत आणि आई घरी असते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. जितक्या लवकर शेतात पोहोचावे तितका कापूस जास्त भरतो, आणि संध्याकाळी वजन होईपर्यंत आईला निघता येत नाही. घरी तीन वर्षांचा भाऊ आहे. इतके समजले की ‘लक्ष नाही’ हा शेरा टिकत नाही, आणि ज्या आईशी शिक्षकांना बोलायचे आहे तिच्याविषयी त्यांचा सूर बोलण्याआधीच बदलतो. माझ्या मते समुपदेशकाने शिक्षकांना देण्यासारखी सर्वांत मोलाची मदत हीच आहे: निष्कर्षाच्या जागी माहिती ठेवणे.

वागणुकीची किंवा अभ्यासात मागे पडण्याची तक्रार असेल तर डोळे आणि कान तपासले गेले आहेत का, हेही याच टप्प्यावर पाहावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येऊन मुलांची तपासणी करते. त्या दिवशी हे मूल हजर होते का, एवढे विचारले तरी कधी कधी प्रश्नाचे रूपच बदलते.

दोघांचे आधी वेगवेगळे ऐकावे

एकत्र बसवण्याची घाई करू नये. शिक्षकांशी पहिले बोलणे त्यांच्या सोयीच्या वेळी व्हावे. दोनशिक्षकी शाळेत एकाच वेळी दोन-तीन वर्ग सांभाळणाऱ्या, पोषण आहाराचा हिशेब ठेवणाऱ्या आणि निवडणुकीच्या कामालाही जाणाऱ्या माणसाला मधल्या सुट्टीत पाच मिनिटांत गाठून ‘त्या मुलाचे काय?’ असे विचारणे अन्यायाचे आहे. त्यांचा थकवा आधी ऐकून घ्यावा. मग तक्रारीऐवजी प्रसंग मागावा. ‘तो फार आगाऊ आहे’ यावर कोणालाच काही करता येत नाही; ‘गणिताच्या तासाला उदाहरण फळ्यावर लिहिले की तो उठून बाहेर जातो’ यावर करता येते. शेवटी त्या मुलात त्यांना आवडणारी एखादी गोष्ट विचारावी आणि ती नेमक्या शब्दांत टिपून ठेवावी, कारण एकत्र भेटीत सुरुवात तिथूनच करायची आहे.

पालकांकडे जाताना वेळ सांभाळावी. दिवसभर शेतात वाकून आलेल्या बाईकडे चूल पेटवण्याच्या वेळी जाऊन बसू नये. थोडे उशिरा जावे, किंवा बाजाराच्या दिवशी सकाळी. गावात गाडी कोणाच्या दारासमोर थांबली हे सगळ्यांना दिसते, म्हणून पहिल्याच भेटीत फॉर्म, वही, पेन बाहेर काढू नये आणि शेजारच्या बाया ओसरीवर जमल्या तर बोलणे पावसापाण्यावर न्यावे. ज्या घरातल्या कोणाला शाळेने आजवर केवळ तक्रारीसाठीच बोलावले, त्या घराला शाळेचा माणूस दारात दिसला की धसका बसतो. म्हणून पहिल्या भेटीत तक्रार न्यायची नाही. मूल घरी काय करते, कशात रमते, कोणाचे ऐकते, एवढेच विचारावे आणि बोलू द्यावे. वऱ्हाडातली एखादी माय सांगते, ‘माह्यं पोरगं घरी सारं करते जी, बकऱ्या सोडते, पाणी भरते, शाळेतच काय होते त्याले, कोण जाणे.’ या एका वाक्यात मुलाच्या क्षमतेची जी माहिती आहे, ती प्रगतिपुस्तकात नसते, आणि ती शिक्षकांपर्यंत या मायच्याच तोंडून पोहोचली पाहिजे.

भाषेचा प्रश्न इथे खरा आहे. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, यवतमाळच्या पोडांवर (कोलामांच्या वस्त्यांवर) कोलामी बोलली जाते. आईला मराठी समजते पण मनातले मराठीत सांगता येत नाही, अशी स्थिती अनेक घरांत असते. अशा वेळी त्याच मुलाला दुभाषा करू नये; स्वतःविषयीची तक्रार त्याने आईला सांगायची, हे त्याच्यावर टाकलेले ओझे आहे, शिवाय तो ती बदलूनही सांगेल. त्या भाषेची जाणकार आणि घराला मान्य असलेली बाई सोबत घ्यावी, आणि ऐकलेले बाहेर न सांगण्याविषयी तिच्याशी आधी स्पष्ट बोलून घ्यावे.

घरात निर्णय कोण घेते, हेही विचारून घ्यावे. आईवडील ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेले असतील तर मूल आजी-आजोबांकडे असते, आणि तेच खरे पालक होत. ज्या घरात कर्त्या माणसाने आत्महत्या केली आहे, तिथे अधिक जपून जावे. त्या घराला सरकारी कागदांसाठी पुष्कळ जणांनी पुष्कळ प्रश्न विचारून झालेले असतात, आणि शाळेतल्या मुलाचे गप्प होणे अनेकदा या कोणाच्याच लक्षात आलेले नसते. त्या आईला विचारावे की यातले किती वर्गशिक्षकांना कळलेले चालेल, आणि ती सांगेल तेवढेच सांगावे. तिला स्वतःला आधाराची गरज दिसली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा विनाशुल्क क्रमांक लावून द्यावा. केवळ लिहून दिलेला क्रमांक सहसा कोणी लावत नाही.

दोन्हीकडचे ऐकून झाले की प्रत्येकाला स्पष्ट विचारावे, ‘यातले काय मी समोर बोलू आणि काय नको?’ हा प्रश्न कधीही गाळू नये. लहान गावात एक शब्द बाहेर गेला तर समुपदेशकाचे त्या गावातले काम संपते.

एकत्र भेट

भेटीची जागा मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर नसावी. शिक्षक खुर्चीवर आणि आई दाराशी खाली बसलेली, अशा स्थितीत बरोबरीने बोलणे होणार नाही; सगळ्यांनी खुर्चीवर बसावे किंवा सगळ्यांनी सतरंजीवर. अर्धा-पाऊण तास पुरतो. पाचवीच्या पुढच्या मुलाला शेवटच्या दहा मिनिटांसाठी आत बोलवावे, म्हणजे त्याच्याविषयी ठरलेले त्याला मोठ्यांकडून एकत्रच कळते.

पालक, शिक्षक आणि समुपदेशक यांनी एकत्र बसून मुलाच्या अडचणीवर काम करण्याची एक शिस्तबद्ध पद्धत अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठातील सुझन शेरिडन यांनी सहकाऱ्यांसह विकसित केली आहे. तिचे टप्पे साधे आहेत: गरज कोणती ते मिळून ठरवायचे, ती कशामुळे निर्माण होते ते पाहायचे, घरी आणि शाळेत एकाच वेळी उपाय करायचा आणि ठरलेल्या दिवशी परिणाम तपासायचा. आपल्याकडे घेण्यासारखे त्यात हे आहे की समुपदेशक उपाय सांगत नाही. तो या दोघांकडून उपाय काढून घेतो. ‘तुम्ही असे करा’ हे वाक्य समुपदेशकाच्या तोंडून जितके कमी येईल तितकी ती भेट यशस्वी म्हणावी.

सुरुवात शिक्षकांनी मुलाविषयीच्या त्या चांगल्या गोष्टीने करावी, आणि ती त्यांनी थेट आईकडे पाहून सांगावी. त्यानंतर अडचण एकच घ्यावी. उशिरा येणे, वह्या नसणे, मारामारी आणि गणित असे चार विषय एकदम निघाले की पालक मान खाली घालून ‘हो जी, हो जी’ म्हणत राहतात आणि घरी काहीच बदलत नाही. या ‘हो जी’ला संमती समजू नये. आपण ठरवलेले घरी कसे होईल, हे आईला तिच्या शब्दांत सांगायला लावावे. ती अडखळली तर जे ठरले ते तिला शक्य नाही असे धरून पुन्हा ठरवावे.

शिक्षक म्हणतील, ‘तुम्ही घरी लक्षच देत नाही.’ तेव्हा त्यांना थांबवून अपमानित न करता वाक्याची दिशा बदलावी: ‘सर, संध्याकाळी घरी कोण असते, हे यांच्याकडूनच ऐकू या.’ पालकांकडून हमखास येणारे वाक्य याहून अवघड असते. ‘सर, तुम्ही हात-पाय मोडा, पण शिकवा. आमचं काही म्हणणं नाही.’ विदर्भातल्या शाळांमध्ये हे इतक्या वेळा ऐकू येते की शिक्षकही ते सहज हसून सोडून देतात. समुपदेशकाने ते सोडू नये. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 याच्या कलम 17 नुसार मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देण्यास मनाई आहे, आणि पालकांनी परवानगी दिल्याने ती मनाई उठत नाही, हे तिथेच, सौम्य शब्दांत, दोघांनाही ऐकू जाईल असे सांगावे. मात्र त्या वाक्यामागे बहुधा विश्वास आणि अगतिकता दोन्ही असतात. आपल्याला जमले नाही ते मास्तरांनी तरी करावे, असे त्या बापाला म्हणायचे असते. म्हणून लगेच पुढे विचारावे, ‘भाऊ, मार न देता तो कोणाचे ऐकतो? कधी ऐकतो?’ या प्रश्नावर बाप विचारात पडतो आणि बरेचदा उपयोगाचे उत्तर देतो.

भेटीच्या शेवटी घरी एक आणि शाळेत एक अशा दोनच गोष्टी ठराव्यात, आणि त्या डोळ्यांना दिसणाऱ्या असाव्यात. वेचणीच्या हंगामातल्या त्या मुलीच्या बाबतीत असे ठरू शकते की भावाला सकाळी अंगणवाडीत सोडायचे, अंगणवाडी सुटल्यावर त्याला चुलतीने घ्यायचे, मुलीने आठवड्यातून निदान चार दिवस शाळेत यायचे, आणि बुडालेल्या दिवसांचा अभ्यास वर्गशिक्षकांनी बाजाराच्या दिवशी अर्धा तास बसून भरून काढायचा. रोज येण्याचा आग्रह पहिल्याच भेटीत धरू नये. एका दिवसावरून चार दिवस झाले तर आईला आपण दिलेला शब्द पाळता आल्याचा अनुभव येतो, आणि पुढचे मागणे सोपे जाते.

घर आणि शाळा यांच्यातली वही

रोजच्या संपर्कासाठी एक लहान वही पुरते. ठरलेली गोष्ट त्या दिवशी झाली तर शिक्षकांनी गोल खूण करावी आणि घरच्यांनी शेजारी आपली खूण करावी. वाचता न येणाऱ्या आईलाही गोल मोजता येतात. या वहीत तक्रार कधीही लिहू नये, जमले नाही त्या दिवशीची जागा रिकामी सोडावी. तक्रारीची पहिली ओळ पडली की मूल ती वही घरी पोहोचू देत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा उपयोग करायचा तर फोन कोणाच्या हातात असतो ते आधी विचारावे, कारण तो बहुधा वडिलांकडे किंवा मोठ्या भावाकडे असतो. लिहिलेल्या संदेशापेक्षा शिक्षकांच्या आवाजातला छोटा निरोप बरा, आणि एका मुलाविषयीचे काहीही वर्गाच्या गटावर टाकू नये.

जिथे एकत्र बसवू नये

काही प्रकरणांत समेटाची भाषाच चुकीची असते. मुलाला शिक्षकांनी मारल्याची तक्रार असेल तर ती लेखी मुख्याध्यापकांकडे, आणि तक्रार मुख्याध्यापकांविषयीच असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेली पाहिजे. पालकाला त्या शिक्षकासमोर बसवून ‘मिटवून टाका’ असे म्हणू नये. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर 2012 च्या बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे, मग पालक किंवा शाळा नको म्हणत असली तरीही. मुलीच्या गैरहजेरीमागे लग्नाची बोलणी असल्याचे कळले तर 1098 या बालसाहाय्य क्रमांकावर कळवावे, आणि गावपातळीवर ग्रामसेवकांकडे बालविवाह प्रतिबंधाचे अधिकार आहेत, हे शिक्षकांनाही माहीत करून द्यावे. गोपनीयतेला या मर्यादा आहेत, हे पालकांना पहिल्या भेटीतच सांगितलेले असावे, म्हणजे नंतर फसवणूक झाल्याची भावना राहत नाही.

सभा आणि समिती

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. एका मुलाचा विषय तिथे काढू नये. मात्र चार-पाच घरांची एकच अडचण दिसली, जसे वेचणीच्या दिवसांत लहान भावंडे सांभाळण्याची, तर ती नावे न घेता समितीत मांडावी. अंगणवाडीच्या वेळेविषयी सेविकेशी आणि ग्रामपंचायतीशी बोलण्याचे काम समिती समुपदेशकापेक्षा चांगले करू शकते. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांसाठी हंगामी वसतिगृह आणि शिक्षण हमी कार्ड (ते दाखवून मुलाला स्थलांतराच्या गावी शाळेत प्रवेश मिळतो) या दोन्हींविषयी दिवाळीआधीच बोलून घ्यावे. गाडी भरल्यावर सांगून उपयोग नाही.

पाठपुरावा आणि बाजूला होणे

पहिल्या भेटीनंतर दोन आठवड्यांनी तिघांनी पुन्हा बसावे, वही उघडून गोल मोजावेत आणि जे जमले नाही त्यात काय आड आले ते विचारावे. कोणाचे चुकले ते विचारू नये. पुढच्या वेळी वर्गशिक्षकांनी स्वतः आईला बोलवावे आणि समुपदेशकाने केवळ हजर राहावे. त्यानंतरची भेट त्यांची त्यांनी घ्यावी. शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम 24 मध्ये पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य म्हणून नमूद आहे. पण ते कर्तव्य म्हणून समोर ठेवण्यापेक्षा, एकदा जमलेली भेट दुसऱ्यांदा शिक्षकांनी आपण होऊन घ्यावी इतकी ती सुकर करून देणे अधिक परिणामकारक ठरते.

सातवीनंतर मूल गावची शाळा सोडून मोठ्या गावातल्या किंवा तालुक्याच्या हायस्कूलमध्ये जाते, तिथे ही सगळी जोडणी सुटण्याची भीती असते. एसटीने जाणे-येणे सुरू होते, नव्या शाळेत साठ मुलांच्या वर्गात कोणी ओळखत नाही, आणि आईला त्या शाळेचे दारही माहीत नसते. म्हणून दाखला काढण्याच्या दिवसांत, पालकांची संमती घेऊन, जुन्या वर्गशिक्षकांनी नव्या वर्गशिक्षकांना फोन करावा आणि मुलाला काय जमते व कशाची मदत लागते एवढे सांगावे. घरातल्या खाजगी गोष्टी त्यात येऊ नयेत. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात आईला नव्या वर्गशिक्षकांची भेट घेण्यासाठी दिवस ठरवून द्यावा. तालुक्याच्या गावी बाजारासाठी जाण्याचा तिचा जो वार असेल तोच धरावा, म्हणजे तिची मजुरी बुडत नाही.